बाबांचा गुरगुरणारा ब्रश

बाबांचा तिसरा बॅटरीवाला ब्रश मेला, तेव्हा मी इरेलाच पेटले. दिसायला राजबिंडा, आणि दम मात्र काडीचा नाही! हा मरतो तरी कशानं, ते आता बघायचंच.

प्रश्न नुसत्या ब्रशचा नव्हता. बाबांचे हात थरथरतात, साधा ब्रश दातांऐवजी नाकात जातो. हा गुरगुरणारा नुसता तोंडात धरला की काम होतं. नाहीतर दुसऱ्या कुणीतरी दात घासून द्यायचे, आणि त्या विचारानंच बाबा खवळतात. "मी काय तान्हा आहे?" या वयात सगळे दात स्वतःचे, त्याचा भारी तोरा.

झाशीच्या बडा बाजारात घड्याळवाल्याकडे नेला. त्यानं उलटापालटा करून पाहिला. "दीदी, ये खुलने के लिए बना ही नहीं," म्हणाला आणि परत दिला. बाबांना सांगितलं. जन्मभर रेल्वेच्या शेडमध्ये इंजिनं उघडलेला माणूस! "उघडत नाही ते यंत्र कसलं? खेळणं ते," असं म्हणून त्यांनीच मला करवतीचं पातं काढून दिलं.

टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी तो कापला. आत काय असेल, या उत्सुकतेनं चहाही गार झाला. बोटाएवढी बॅटरी, सुपारीएवढी मोटर आणि दांडीभोवती पाणी अडवायला रबराची एक चकती. बस! चकती झिजलेली, तिच्याखाली काळाकुट्ट चिखल. मी वास घेतला. लवंग!

"बाबा, राखुंडी?"

बदामाची टरफलं जाळून, त्यात तुरटी, मीठ, लवंग घालून केलेली राखुंडी आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालते. इथले शेजारी तिला मंजन म्हणतात. ती बोटानं लावायची चीज, आणि बाबा गुपचूप मशीनवर लावत होते.

"पेस्टनं दात घासल्यासारखे वाटतच नाहीत," ते पुटपुटले.

"अहो, इंजिनात कधी राख घातली होती का?" मला हसू आवरेना.

चौथा ब्रश आला. बाबांनी शपथेवर नुसती पेस्ट वापरली, आणि मी रोज ब्रशचा वास घेऊन खात्री केली. गुढीपाडव्याला आणलेला ब्रश नागपंचमीला गप्प झाला. तोही कापला. चकती तशीच झिजलेली, मोटर गंजलेली, राखुंडीचा कणही नाही. म्हणजे रोज पाण्यात भिजायच्या वस्तूला पाणीच सोसत नव्हतं! आग लागो त्या बनवणाऱ्याला.

"पाचवा मागवते," मी म्हणाले.

बाबांनी ते तुकडे उलटसुलट करून पाहिले. मग उठून न्हाणीघरात गेले. मला वाटलं, रुसले. तेवढ्यात आतून हाक आली. ते स्टुलावर बसले होते. साधा ब्रश त्यांनी माझ्यापुढे धरला.

"तूच घास," ते म्हणाले. "पण आधी दार लाव."