अक्कांच्या लग्नाची नोंदणी

परवा बार्शीहून सोलापूरला गेले, तेव्हा नवी पेठेतल्या आमच्या कापडदुकानाच्या जिन्याशी मुद्दाम थांबले. तिथं पाटी आहे: 'अ‍ॅड. प्रेमला तिप्पण्णा कलशेट्टी'. माझी थोरली जाऊ. मी त्यांना अक्का म्हणते. घरात मात्र वीस वर्षं त्यांचं नाव महेश्वरी होतं.

आमच्या घरात लग्नात सुनेचं नाव बदलायचे. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवं नाव लिहायचा. अक्कांचं नाव मामंजींनी निवडलं होतं आणि त्याचा त्यांना फार अभिमान.

अक्कांचे वडील अक्कलकोटला एका वकिलांकडे कारकून. शाळा सुटली की त्यांचा डबा घेऊन अक्का कोर्टात जायच्या आणि मागच्या बाकावर बसून राहायच्या. बी.ए. झाल्या, लगेच लग्न झालं. कोर्ट तिकडंच राहिलं.

मग त्यांची लेक ज्ञानदा बारावी झाली. तिच्यासाठी वकिलीच्या प्रवेशाची चौकशी करायला आम्ही सिद्धूच्या सायबर कॅफेत गेलो. सिद्धू म्हणाला, "वकिलीचे दोन रस्ते हायत, काकू. बारावीवर पाच वर्षं, पदवी असली की तीन. दोन्हीला सीईटी."

ज्ञानदा मोबाइलमधून मान वर काढेना. अक्कांनीच विचारलं, "तीनवाल्याला वय किती चालतं?"

"वयाची अट न्हाय की. कुणासाठी?"

"आहे एक बाई."

भाकऱ्या झाल्या की दुपारी अक्का स्वयंपाकघरातच प्रश्नसंच उघडायच्या. मी ज्वारी निवडता निवडता प्रश्न वाचायची. निम्मे मला कळायचे नाहीत. उत्तर चुकलं की त्या पुस्तक कपाळावर मारून घ्यायच्या आणि आम्ही दोघी हसायचो. त्या दुपारी मला अजून हव्याशा वाटतात.

परीक्षेत गुण चांगले पडले. प्रवेशाचा अर्ज भरला आणि तिथं गाडी अडली. सिद्धूचा फोन आला, "काकू, अर्ज परत आलाय. अर्जावर महेश्वरी, बी.ए.च्या गुणपत्रिकेवर प्रेमला. दोघी एकच हायत याचा पुरावा पायजे. लग्नाच्या नोंदणीचा दाखला चालंल, पण तीन दिवसांत."

अक्कांनी आधार कार्ड बघून नाव भरलं होतं. आपलं आणखी एक नाव आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि लग्नाची नोंदणी आमच्याकडं कुणी केलीच नव्हती.

"जाऊ दे," अक्का म्हणाल्या. "या वयात शोभतं का?" आणि कणीक मळायला बसल्या.

मामंजी काठी टेकत स्वयंपाकघराच्या दाराशी आले. अक्कांना म्हणाले, "मी ठेवलेलं नाव आडवं आलं की, यव्वा." आणि भावजींवर ओरडले, "तिप्पण्णा, बसलायस काय? ऊठ, लगीन नोंदव!"

नोंदणीला लग्नपत्रिका लागते. कपाटं, ट्रंका, सगळं पालथं घातलं. सापडेना. तेव्हा मला आठवलं. पहिली पत्रिका देवापुढं ठेवतात. मी या घरात आले त्या वर्षी देवघर पुसताना फळीवरच्या कागदाखाली ती मिळाली होती. देवाला दिलेलं टाकायचं कसं? म्हणून दर श्रावणात कागद बदलला, की मी ती परत तिथंच सरकवायची. काढली. कुंकवाचे डाग पडलेले, पण आत 'चि. सौ. कां. प्रेमला' स्वच्छ वाचता येत होतं. मी देवाला हात जोडले.

महापालिकेत साहेबांनी विचारलं, "नवरी कुठाय?"

साक्षीदार म्हणून आलेल्या मामंजींनी काठीनं दाखवलं. "ही काय. वीस वर्षांची जुनी हाय."

"आणि नवरदेव?"

"तो लाजून दाराबाहेर थांबलाय," अक्का म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी दाखला मिळाला. लग्नाआधीचं नाव, नंतरचं नाव, एकाखाली एक. सिद्धूनं तो लगेच चढवला. अर्ज मंजूर झाला आणि पुढच्या यादीत अक्कांना सोलापुरातलंच कॉलेज लागलं. तिथं सांगितलं, नवऱ्याचं नाव-आडनाव राहू दे, पण स्वतःचं नाव इथून पुढं सगळीकडं गुणपत्रिकेवरचं.

मामंजी आज नाहीत. पण प्रवेश घेऊन आलो ती संध्याकाळ डोळ्यांसमोर आहे. अक्का ओट्याशी होत्या. बाहेरून मामंजींनी हाक मारली, "प्रेमला, च्या टाक गं!"

अक्का आपल्या डाळ घोटतच राहिल्या. मामंजींनी पुन्हा हाक मारली. शेवटी मीच अक्कांच्या खांद्याला हात लावला.

"अक्का, तुम्हालाच बोलावतायत."