विटांवर उघडणारी खिडकी

"फुवा, दादा गेले," एवढेच सुरेश फोनवर म्हणाला. कोठे, असे मी विचारले. "मधल्या खोलीत." 

दादा म्हणजे त्याचे वडील नामदेव, माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ; म्हणून त्याच्या मुलांचा मी, सुरतेकडच्या बोलीत, फुवा. खानदेशातून यंत्रमागावर सुरतेस आला आणि भेस्तानच्या कडेला, तेव्हा उसात उभे असलेले एक जुने शेतघर त्याने घेतले. एकच प्रशस्त खोली, तीन बाजूंना खिडक्या, पुढे ओटा, मागे गोठा. त्या खोलीत चैत्रातही पंखा लागत नसे. गोठ्यात त्याने माग बसवले. मागांची जागा वाढवली तेव्हा दक्षिणेची खिडकी गेली. थोरल्या सुरेशच्या लग्नात पूर्वेला स्वयंपाकघर आले. धाकट्याच्या लग्नात पश्चिमेला खोली. शेवटी ओट्यावर जिना चढला आणि दारातला उजेडही गेला; चहूकडून वेढलेली ती मूळ खोली मधली खोली झाली. "घर आहे की अजगर?" मी एकदा म्हणालो. "अजगर नही दाजी, कोंबडी शे. समदास्ले पंखखाले लेस."

पूजा झालेली चौकट उखडायची नाही, हा त्याचा नेम. म्हणून प्रत्येक खिडकी बाहेरून विटांनी बुजवली. सागाची झडपे आत तशीच राहिली. रोज सकाळी तो ती उघडी, दिवेलागणीला लावी. मुले हसत. तोही हसे.

मग दमा बळावला. अखेरच्या भेटीत तो भिंतीला टेकून बसला होता. वाक्य एका श्वासात पुरे होत नव्हते. "दाजी… पोऱ्यास्ले सांगा. एक खिडकी फोडी द्या." मी दोघांना समोर बसवून सांगितले. धाकटा म्हणाला, पश्चिमेच्या भिंतीला माझे कपाट आहे. सुरेश म्हणाला, "फुवा, पूर्वेला स्वयंपाकाचा ओटा आहे, गॅस आहे. दिवाळी पछी बघू." वरच्या मजल्यावर चला, असेही दोघे म्हणाले, पण जिना चढण्याइतका श्वास नामदेवाजवळ नव्हता. दिवाळीही त्याला लाभली नाही.

उत्तरकार्य आटोपल्यावर सुरेश पहार घेऊन मधल्या खोलीत आला. स्वयंपाकघरातला ओटा त्याने आधीच रिकामा केला होता. त्याची आई, इंदू, भिंतीशी बसली होती. तिने पहारीकडे पाहिले.

"आते कोनासाठे रे?"

सुरेश पहार ठेवून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो तेव्हा इंदू पूर्वेच्या खिडकीशी होती. तिने कडी काढली, दोन्ही झडपे उघडली, विटांवरून पदर फिरवून धूळ पुसली, आणि झडपे पुन्हा मिटू नयेत म्हणून नामदेव लावीत असे तशी लाकडाची पाचर खाली सरकवली.