मामाचे उपास

चौदाव्या वर्षी मी स्वतःला उपाशी मारत होते आणि घरदार माझं कौतुक करत होतं.

एक विमलकाकू सोडून.

ती आज सकाळी गेली. बीपीचं निमित्त झालं. संध्याकाळी सगळं आटोपलं. आता घरात माणसं खूप आहेत आणि बोलायला कुणी नाही, म्हणून इथे लिहितेय.

काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकाची बायको. केनवडची. वाशीमकडच्या मालेगावजवळ आमच्या गावी लग्न होऊन आली, तेव्हा बाहत्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. रेशनचा लाल मिलो, म्हणजे अमेरिकेहून आलेली ज्वारी, खाऊन सगळ्यांच्या जिभा कंटाळल्या होत्या.

मी अंगानं भरलेली. लहानपणापासून तशीच.

काकूच्याच लग्नात, भर मांडवात माझा मामा मोठ्यानं म्हणाला, "सारं गाव वाळलं अन् हे पोट्टी फुगून राह्यली! इच्यासाठी सरकार येगळा मिलो धाडते काय?"

मांडव हसला. मीही हसले. तेव्हा दुसरं काय करतात?

त्या सोमवारी मी उपास धरला. मग गुरुवार. मग शनिवार. चतुर्थी आणि एकादशी होत्याच. साधे नाही, कडक उपास.

आमच्याकडे पोरगी जेवली नाही तर आई ओरडते. पण पोरीनं उपास धरला तर आई गावभर सांगते.

"माही पोरगी लय देवाची हाये," असं आई विहिरीवर सांगायची. शेजारणी आपल्या पोरींना माझा दाखला द्यायच्या. त्या पोरी माझ्यावर जाम चिडायच्या.

उपास नसेल त्या दिवशीही फार काही अवघड नव्हतं. आधी पुरुषांची पंगत, मग पोरं, शेवटी बायका. शेवटी बसणारीनं काय खाल्लं, हे बघायला उरतंय कोण?

काकू उरायची. नवी सून, सगळ्यात शेवटी ताट तिचंच.

माझी भाकर गाईच्या टोपल्यात जाते हे तिनं पाहिलं. वेणी बोटाएवढी झालेली पाहिली. शाळेत प्रार्थनेला चक्कर येऊन पडले, तेही तिला कळलं. आणि बरेच महिने मी 'बाहेर' बसले नाही, हेही तिच्याच लक्षात आलं. आई म्हणाली, उन्हामुळे असंन.

एक दिवस चुलीपाशी काकूनं सरळ विचारलं, "काहून व, हे इतके उपास कोन्या देवाचे हायेत?"

मी चुलीत काडी सारली.

"देवाचं नाव घे ना."

मला एकही नाव घेता येईना. रडूच फुटलं. मांडवातलं सगळं सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. भाकर उलटली. म्हणाली, "म्हंजे तू मामाचे उपास करून राह्यली. तो काय पावणार हाये तुले?"

मी रडता रडता हसले. बऱ्याच दिवसांनी खरं हसले.

पण काकू तेवढ्यावर थांबली नाही. पुढच्या खेपेला मामा आला, पंगतीला बसला आणि सवयीनं म्हणाला, "काय व, मिलोचं पोतं कुठी हाये?"

काकू वाढत होती. डोक्यावर पदर, हातात भाकरीची टोपली. नवी सून पाहुण्यासमोर बोलत नसते. ती बोलली.

"भाऊ, भाकर पाहिजे तेवढी घ्या. पन पोरीच्या अंगावर बोलाचं नाही. तिनं अन्न सोडलं हाये तुमच्या बोलन्यापायी."

मामा भरल्या ताटावरून उठून गेला.

पाहुणा ताटावरून उठला, याचं काय होतं ते आमच्याकडच्यांना सांगायला नको. बाबांनी किती तरी दिवस काकूशी बोलणं टाकलं. "माह्या भावाले उपाशी उठोलं," असं आई सारखी म्हणायची. काकाही तिच्या बाजूनं एक शब्द बोलला नाही. पण घरात माझ्या अंगाचं नाव काढणं त्या दिवसापासून बंद झालं. ते कायमचं.

एका दिवसात मी बरी झाले नाही. सिनेमा नव्हता तो. वाशीमच्या डॉक्टरांनी 'रक्त कमी आहे' म्हणून टॉनिक दिलं. या आजाराला काही नाव असतं, हे आमच्याकडे कुणाला माहीत होतं?

काकूनं एवढंच केलं. रोज दोन ताटं शेजारी मांडायची आणि म्हणायची, "तू जेव पहिले. मंग मी."

खरंच थांबायची. उपदेश नाही, शपथा नाहीत. इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगत बसायची. कधी कधी भाकर गार होऊन जायची आणि मला तिचा भयंकर राग यायचा. तरी ती बसून असायची.

पुढे अंग भरलं तेव्हा "भरली" म्हणाली नाही, की "आता छान दिसतेस" असंही नाही. "चाल, कापूस वेचाले," एवढंच.

त्यानंतरच्या दिवाळीत मामा आला. माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "जेवली का व?" मला वाटतं, माफी मागायची त्याची तीच रीत होती.

आज मयताच्या घरी चूल पेटली नाही. शेजारून पिठलं-भाकर आली. कडू घास प्रत्येकानं घ्यायचा असतो.

काकूची नात स्वरा पुण्याहून आलीय. पंधरा वर्षांची. गेले काही महिने 'डाएट' चालू आहे. तिची आई, म्हणजे माझी वहिनी, येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगत होती, किती कंट्रोल आहे बघा पोरीचा.

मी त्या पोरीचं मनगट पाहिलं.

"मला भूक नाहीये, आत्या," ती म्हणाली.

मी दोन ताटं घेतली आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. तिच्या आजीच्या गोष्टी सांगत राहिले. मामाचीही सांगितली. पिठलं पार गार झालं.

काकू, तुह्या नातीनं अर्धी भाकर खाल्ली.

मंग मी जेवली.

जाय आता सुखानं.