भिकाची कुदळ

दुष्काळी कामांना अवजारे पुरवणाऱ्या ठेकेदाराने राजूरच्या भिका लोहाराला फसवले. भिका गेला त्याला आता महिना होईल. बातमी मला संगमनेरात, माझ्या लोखंडाच्या दुकानात कळली. सांगणारा एसटीचा कंडक्टर वर हसून म्हणाला, "भिकाची कुदळ शेवटी मोडली म्हणायची..." त्याला मी दुकानाबाहेर काढले.

फाटक्या खिशाने धंद्यात उतरलो तेव्हापासून मी भिकाच्या कुदळी विकल्या. भावावरून दर बाजाराला आमचे वाजायचे. "शेट, भावात घासाघीस करा, पोलादात न्हाई," म्हणत तो घण उचलायचा. कुदळीच्या तोंडाला पोलाद जोडायचा आणि दांडा बसतो त्या नेढ्याजवळ तीन टिंबांची खूण उठवायचा. डोंगरातल्या खडकापुढे ती कुदळ कधी वाकली नाही. एखाद्या घरी खमकी सून आली की लोक कौतुकाने म्हणत, "भिकाची कुदळ हाय!" भिका मिशीत हसे.

मग दुष्काळ पडला. ठेकेदाराने भिकाच्या मोजक्या कुदळी नमुना म्हणून कामावरच्या सरकारी साहेबाला दाखवल्या. कामावर मात्र पाठवला बिनपोलादी माल, वर तीच तीन टिंबे. पहिल्याच मुरमात तोंडे मुडपली, मजुरांचे हात सोलले. बाया वाकड्या कुदळी घेऊन भिकाच्या दारात आल्या. तो एकेक भट्टीत घालून दाखवत राहिला, "आगं, ह्यात पोलादच न्हाई. ही माझी न्हाई." पण खूण त्याचीच होती... कोण ऐकणार?

पुढे बोलण्यातला अर्थच उलटा झाला. ऐन वेळी कच खाणारा माणूस, नांगराखाली बसणारा बैल, सगळे 'भिकाची कुदळ' झाले. एकदा आम्ही दोघे बाजारात चहा पीत होतो. शेजारी एक बाई नवऱ्यावर कडाडली, "काम म्हनलं की वाकला! निव्वळ भिकाची कुदळ!" लोक खो खो हसले. भिकाने कप खाली ठेवला. "शेट, कुनाकुनाला सांगू?" एवढेच म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून त्याने भाता बंद केला, मग जेवणही. अंथरुणावरून तो उठलाच नाही.

ठेकेदाराला मी गाठले. तो म्हणाला, "टिंबं काय कुणाच्या बापाची असतात?" भिकाची बायको पाण्याला जाते, तेव्हा रांगेत ते शब्द आजही तिच्या कानावर पडतात. ठेकेदाराने भर बाजारात तिच्यासमोर उभे राहून सांगावे, ती टिंबे कुणी उठवली. तो येत नसेल, तर त्याचा माल पास करणाऱ्या साहेबाने यावे. दोघांपैकी एकाने तरी तिला उत्तर दिलेच पाहिजे.