पुढच्या वर्षी या

गेली दोन वर्षं आई आणि बाबांना एकमेकांशी बोलताना मी फक्त माईकवरूनच ऐकलं. इतर वेळी ते बोलत नव्हते.

त्यांची गायन पार्टी होती. आमच्याकडे जयंतीच्या दिवसांत आणि विहारांच्या वर्धापनदिनाला गावोगावी भीमगीतांचे मुकाबले होतात. एका बाजूला गायक, दुसऱ्या बाजूला गायिका. आलटून पालटून गाणी म्हणायची, मधे एकमेकांना प्रश्न टाकायचे, टोमणे मारायचे. टाळ्यांवरून लोक ठरवतात कोण भारी. बाबा गायक, आई गायिका. पण ती दोघं नवरा-बायको आहेत हे कुठल्याही गावात कधी सांगितलं गेलं नाही. बॅनरवर बाबा वर्ध्याचे असायचे आणि आई नागपूरची. आई नागपूरला फक्त एकदा, दवाखान्यात गेलेली आहे.

लहानपणी मी बाबांना विचारलं होतं, असं खोटं का सांगता.

"नवरा-बायको भांडले तर लोकाईले त्यात काय मजा?" ते म्हणाले. "ते तर घरोघरी होते."

म्हणून नियम होता. गाडी गावाजवळ आली की आई फाट्यावर उतरायची आणि कमिटीच्या कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागून यायची. घरचा विषय गावात काढायचा नाही. स्टेजवर तर नाहीच. मी सोबत असले तर बायकांमध्ये बसायचं आणि आईला मॅडम म्हणायचं. मला ते अवघड गेलं नाही. शाळेतही बाईंना मॅडमच म्हणत होते.

दोन वर्षांपूर्वी आई मला घेऊन नाचणगावला मामाकडे आली. बाबा देवळीलाच राहिले. का, ते मला अजून नीट माहीत नाही. घरात मोठं भांडण झालेलं मी ऐकलं नाही. मला वाटायचं कार्यक्रम आता बंद होतील. पण झाले नाहीत, कारण कार्यक्रमांत काही बदलावंच लागलं नाही. आधीही ती वेगवेगळी यायची, आताही आली. तारीख ठरली की ढोलकवाले काका आईला फोन करायचे. आई बसनं जायची, आणि कॉलेजला सुट्टी असली की मी तिच्यासोबत. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. तिथं कोणी विचारलं, आईवडील काय करतात, तर मी म्हणायची, गातात. पुढं कोणी विचारत नसे.

स्टेजवर मात्र ती पूर्वीसारखीच बोलत.

"मॅडम, तुम्ही नागपूरवरून आल्या म्हणून आम्ही घाबरू काय?"

"घाबरू नका. पण घामाचं काय? पुसून घ्या आधी."

"बाईमाणसानं घर सांभाळाव."

"घर मी सांभाळीन. तुम्ही सूर सांभाळा."

हे सगळं बसवलेलं होतं, वर्षानुवर्षांचं. मला पाठ होतं. शेवटही ठरलेला. बाबा हात जोडून म्हणायचे, "हरलो मॅडम." आई म्हणायची, "मग पुढच्या वर्षी या, आणखी हरवते." त्यावर लोक हसायचे, टाळ्या पडायच्या, आणि दोघं मिळून शेवटचं गाणं म्हणायची.

यंदा वर्ध्याच्या कोर्टात फारकतीच्या कागदांवर दोघांच्या सह्या झाल्या. त्यानंतर पहिलाच कार्यक्रम तळेगावच्या पुढं एका गावात होता. आर्वीला बस बदलताना आई म्हणाली, "हा शेवटचा. यापुढं मी नाई गात त्यायच्यासंगं. तू सांगजो त्यायले."

"काऊन?" मी विचारलं.

"सही झाली न. आता कायले?"

मी खिडकीतून बाहेर बघितलं. मला रडू आलं नाही. कधी सांगायचं एवढाच विचार डोक्यात होता. एवढं बोलणं संपलं तर ती दोघं कुठंच बोलणार नव्हती, हे मला कळत होतं. पण ते दुसऱ्या कोणाच्या घरचं असल्यासारखं कळत होतं.

गावात पोचल्यावर आम्हाला कमिटीतल्या एका मावशींकडे जेवायला नेलं. त्यांच्या लेखी मी मॅडमसोबत आलेली कोणी मुलगी होते. मावशी वाढता वाढता आईच्या गळ्याकडे बघत होत्या. काळी पोत आईनं नाचणगावला आल्यावरच काढून ठेवली होती.

"मॅडम, राग नका मानू. मालक नाई वाटते?"

"नाई."

"अन् ते तुमचे गायक सर? त्यायचं कोनी?"

"मले काय माहीत."

मावशी ताटाजवळ बसल्याच. "म्या दरवर्षी पाह्यते तुमाले. काय जोडी जमते बाप्पा. तुमी म्हनत असान तर सराईले म्या इचारते. वय काई लय नाई झालं."

मी भाकरी मोडत होते, ती मोडत राहिले. आईनं पाण्याचा पेला उचलला आणि खाली ठेवला.

"मावशी, आमचं स्टेजपुरतंच जमते," ती म्हणाली. "खाली उतरलं का नाई जमत."

"ते तर सगळ्याईचंच तसं हाय," मावशी म्हणाल्या. "वांगे घ्या अजून."

दुपारी विहारासमोर मंडप बांधून झाला. बाबा स्टेजवर माईक तपासत होते. मी दोनदा जवळ गेले. एकदा त्यांनी मला बघितलं आणि मान हलवली, नियम होता तशीच, परक्या मुलीला हलवावी तेवढी. आजूबाजूला कमिटीची पोरं होती. घरचं बोलायची ती जागा नव्हती. मी परत आले आणि बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसले. म्हटलं, नंतर सांगू.

आता दहाच्या आत माईक बंद करावे लागतात, म्हणून कार्यक्रम संध्याकाळीच सुरू झाला. माझ्यामागं दोघीजणी बोलत होत्या.

"हे दोघं नवरा-बायको असतीन काय वं?"

"नाई वं. नवऱ्यासंगं कोनी इतकं हासून बोलते काय?"

"मंग तो पाह्य न, कसा पाहून राह्यला तिच्याकडे."

"पाहाव लागते. पैसे घेतले त्यानं."

त्या हसल्या. मीही थोडी हसले, कारण शेजारणीनं माझ्याकडे बघितलं.

घामाचा टोमणा झाला. घराचा आणि सुराचा झाला. आईचा आवाज कुठंही हलला नाही. मी शेवटाची वाट बघत होते. मला वाटलं, ते एक वाक्य ती आज गाळेल. गाळलं तर बाबांना तिथंच कळेल, आणि मला सांगावं लागणार नाही.

बाबांनी हात जोडले. "हरलो मॅडम."

"मग पुढच्या वर्षी या," आई म्हणाली, "आणखी हरवते."

दरवर्षी म्हणायची तसंच म्हणाली. मी बघत होते. तिचं लक्ष ढोलकवाल्या काकांकडे होतं, कारण त्या वाक्यावर शेवटच्या गाण्याचा ठेका त्यांना धरायचा असतो. त्यांनी धरला. दोघांनी गाणं म्हटलं. लोक उठले.

आईला नाचणगावजवळ, पुलगावपर्यंत सोडायला कमिटीनं गाडी केली होती. ती जाऊन बसली. मी स्टेजच्या मागं गेले. बाबा माईकची वायर हाताला आणि कोपराला गुंडाळत होते. जवळ कोणी नव्हतं.

मी तोंड उघडायच्या आधीच ते म्हणाले, "ऐकलं न तू?"

"काय?"

"पुढच्या वर्षी या म्हणाली." त्यांनी वायर गुंडाळायची थांबवली. "मले वाटलं, सही झाली, आता म्हणणार नाई. पण म्हणाली. माह्याकडे पाहूनच म्हणाली."

ज्यांनी नियम घातला तेच हे बोलत होते. ती कुणाकडे बघत होती ते मी सांगितलं नाही.

"बाबा," मी म्हटलं, "ते स्टेजवरचं होतं. आईनं सांगायला सांगतलं. हा शेवटचाच. पुढं नाई गात ती."

"हाव," ते म्हणाले. "स्टेजवरचंच असन." आणि पुन्हा वायर गुंडाळू लागले. एक वेढा निसटला, तो त्यांनी परत घेतला.

तेवढ्यात कमिटीचे अध्यक्ष आले. "सर, एकच नंबर झाला कार्यक्रम. मॅडम तर बोलल्याच. मंग पुढच्या वर्षीचं पक्कं समजाव काय?"

मी दोन पावलं बाजूला झाले, अनोळखी असल्यासारखी.

"मॅडमले इचारून सांगतो," बाबा म्हणाले.

गाडीत आईनं डोक्याला स्कार्फ बांधला होता. गाव मागं पडल्यावर तिनं विचारलं,

"सांगतलं?"

"हो."

"काय म्हणाले?"

"हाव म्हणाले."

आईनं मान हलवली. मग तिनं विचारलं, माझा पेपर कधी आहे. मी म्हटलं, सोमवारी. ती म्हणाली, मग उद्या घरीच थांबजो, अभ्यास करजो.