हातातले आणि पोटातले

घडीताईंची आणि माझी ओळख प्रौढ साक्षरता वर्गातील तिसऱ्या बाकावर झाली. मी त्या वेळी सहासष्ट वर्षांचा होतो आणि त्या त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. बाक लहान मुलांच्या मापाचा असल्यामुळे आम्हा दोघांचेही गुडघे फळीला लागत असत, आणि एकाने पाय हलवला की दुसऱ्याची पेन्सिल घसरत असे. पहिल्या दिवशी माझा ‘ळ’ त्यामुळेच बिघडला. मी तसे बोलून दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या, “पाय माझा हलला हे खरं. पण ‘ळ’ त्याच्या आधीपासून वाकडा होता.”

त्यांचे खरे नाव निराळे होते. घडीताई हे नाव त्यांना वर्गाने दिले, कारण कागद, रुमाल, बसचे तिकीट, जे हाती येईल त्याची त्या काठाला काठ लावून घडी घालीत. चौतीस वर्षे त्यांनी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात हेच काम केले होते. छापखान्यातून मोठा कागद येतो. त्याच्या दोन्ही बाजू मिळून सोळा पाने छापलेली असतात. त्याला तीन घड्या घातल्या की सोळा पानांचा एक जुडगा होतो, त्यास फर्मा म्हणतात. असे सर्व फर्मे क्रमाने लावून शिवले की पुस्तक होते. घडीताईंना अंक येत होते, अक्षरे येत नव्हती. पानांवरील आकडे पाहून त्या फर्मे जुळवीत.

या धंद्यात सर्वांत मोठा दोष म्हणजे फर्मा गळणे. वाचणारा बत्तिसाव्या पानावरून एकदम एकोणपन्नासाव्या पानावर जातो आणि मधले काय झाले हे त्याला कधीच कळत नाही. घडीताईंच्या हातून चौतीस वर्षांत एकही फर्मा गळला नाही. त्या म्हणत, “पुस्तकात काय लिहिलंय ते मला ठाऊक नसायचं. पण सगळं आहे, एवढं मी छातीठोक सांगायचे.”

त्यांची थोरली बहीण विवाहानंतर फार दूर राहावयास गेली. तेथून ती दर महिन्यास एक पत्र पाठवीत असे. असे एकतीस वर्षे चालले. पत्रे घडीताईंचे पती वाचून दाखवीत. ते घरोघरी जाऊन विजेच्या मीटरचे आकडे टिपण्याचे काम करीत. स्वभावाने शांत आणि पत्नीला जपणारे होते, असे सर्वजण सांगतात. उत्तरेही तेच लिहीत. सहा वर्षांपूर्वी ते वारले. त्यानंतर बहिणी दूरध्वनीवर बोलू लागल्या आणि पत्रे थांबली. सर्व पत्रे घडीताईंनी क्रमाने लावून, शिवून, जाड पुठ्ठे चढवून, वर निळे कापड लावून एका ग्रंथासारखी बांधून ठेवली होती.

वर्गाच्या दुसऱ्या वर्षी जोडाक्षरे संपली आणि शिक्षिकाबाईंनी सांगितले की घरातील काहीही आणा व वाचा. मी औषधाच्या बाटलीवरील कागद नेला. घडीताईंनी तो ग्रंथ आणला. अर्धा तास त्या मधल्याच एका पत्रावर बोट ठेवून वाचीत होत्या. मग बोट थांबले.

“लिफ्टभाऊ,” त्या म्हणाल्या. मी पूर्वी एका कचेरीत लिफ्ट चालवीत असे, म्हणून मला हे नाव पडले होते. “ही शेवटची ओळ जरा बघा. मला नीट लागत नाहीये.”

मी अक्षरे जुळवली. “या... वर्षी... तरी... ये.”

“परत वाचा.”

“या वर्षी तरी ये. मी वाट बघते.”

“मलाही तेच दिसतंय. पण हे पत्रात नव्हतं.”

“आता आहे ना इथं.”

“अहो, मला पत्र पाठ आहे. ‘मुलांना आशीर्वाद’ म्हटलं की संपायचं.”

त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून, एकाने बोट ठेवून आणि दुसऱ्याने उच्चार करून, नऊ पत्रांचे शेवट वाचले. चार पत्रांत तीच ओळ होती. पुढील काही महिन्यांत त्यांनी सर्व ग्रंथ पाहिला. एकशे चौदा पत्रांत बहिणीने त्यांना बोलावले होते, आणि ती ओळ प्रत्येक वेळी वाचताना गाळली गेली होती.

घडीताई पतीवर रागावल्या नाहीत, हे मी येथे मुद्दाम नमूद करतो. त्या एवढेच म्हणाल्या, “त्यांना रजा मिळायची नाही, आणि एवढ्या लांबचं भाडं आमच्या आवाक्याबाहेरचं. नाही म्हणायला जीभ रेटली नसेल.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “जगाच्या पुस्तकांतला एक फर्मा गळू दिला नाही मी. आणि माझ्याच घरात...”

परंतु बहिणीच्या मनात काय असेल, ही चिंता त्यांना लागली. बहिणीने एकतीस वर्षे बोलावले आणि धाकटीने एकदाही हो किंवा नाही असे कळवले नाही. दूरध्वनीवर त्यांनी समजावून पाहिले. बहिणीला ऐकू कमी येई. “काय लिहिलं नव्हतं म्हणतेस? मी तर लिहिलं होतं,” असे म्हणून ती मुलीकडे फोन देई. पुढे भाचीचा फोन आला. ती म्हणाली, “मावशी, आई माणसं विसरायला लागली आहे. अजून तुझं नाव घेते. यायचं असेल तर आताच ये.” तिकीट भाचीनेच काढले.

घडीताईंनी ठरवले की बहिणीसमोर बसून, तिच्याच अक्षरावर बोट ठेवून, स्वतःच्या तोंडाने ते वाचायचे. आपल्याला त्या वेळी वाचता येत नव्हते आणि आता येते, हे तिला डोळ्यांनी दिसले पाहिजे. त्यासाठी तो ग्रंथ सोबत पोहोचणे आवश्यक होते.

विमानात आमच्यापैकी फारसे कोणी बसलेले नव्हते. शिक्षिकाबाईंनी फळ्यावर विमान काढले आणि समजावले की काही सामान प्रवासी हातात नेतो, ते सात किलोच्या आत असावे. बाकीचे सामान विमानाच्या पोटात जाते, ते वीस किलोपर्यंत चालते. चाकू, आरी, कात्री पोटात. औषधे हातात. आम्ही वहीत दोन रकाने केले. एकास ‘हातातले’ आणि दुसऱ्यास ‘पोटातले’ असे नाव दिले.

“पुस्तक पोटात टाका,” मागच्या बाकावरील प्लंबरकाका म्हणाले. ते एकदा मुलाकडे विमानाने जाऊन आले होते. “नाही, नको. माझी बॅग अकरा दिवस फिरत होती. मी गेलो नाही तितके देश तिने पाहिले.”

“मग टाकू की नको टाकू?”

“मी आपला अनुभव सांगितला.”

“तुमच्या नळासारखंच झालं. उघडला तरी पाणी नाही,” घडीताई म्हणाल्या, आणि वर्ग हसला.

त्यांच्या सुनेचे मत स्पष्ट होते. ती समंजस मुलगी आहे आणि सासूची काळजी घेते. ती म्हणाली, “आई, चार किलोचं ते बाड खांद्यावर घेऊन कुठं चालणार तुम्ही? बॅगेत टाका. जुने कागद कुणी चोरत नाही.”

“चोरत नाही म्हणूनच भीती वाटते गं. चोराला निदान वस्तूची किंमत तरी कळलेली असते. कागद असला की लोक कोपऱ्यात फेकतात.”

“आणि औषधं? शाल? तिकडे थंडी आहे.”

“सगळं बसवते. घडी कुणाची आहे?”

त्यांनी किराणा दुकानदाराच्या काट्यावर प्रत्येक वस्तू वेगळी ठेवून वजन केले. ग्रंथ चार किलो दोनशे. औषधे, चष्मा आणि इतर किरकोळ मिळून दोन किलो. शाल सातशे ग्रॅम. एकूण सहा किलो नऊशे. मी वहीत बेरीज करून पाहिली, ती बरोबर होती. मोठी बॅग वेगळी भरली. दोन्हींवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या.

विमानतळावर सून आणि मी सोबत गेलो. सामान घेणाऱ्या खिडकीपर्यंत आम्हाला जाऊ दिले. तेथील तरुण कर्मचाऱ्याने मोठी बॅग पट्ट्यावर ठेवली आणि चिठ्ठी वाचून थांबला.

“आजी, ‘पोटातले’ म्हणजे काय?”

“पोटातलं सामान.”

“कुणाच्या पोटातलं?”

“विमानाच्या, बाळा. माझं पोट ठीक आहे.”

तो हसला, बॅगेला पट्टी लावली आणि बॅग पडद्याआड गेली. मग म्हणाला, “आता हातातली पिशवी ठेवा काट्यावर.”

काट्यावर आठ किलो शंभर दिसले.

“काटा बिघडलाय तुमचा,” घडीताई म्हणाल्या. “दुकानात सहा किलो नऊशे होतं. हे भाऊ साक्षीला आहेत.”

मी होकार दिला. कर्मचाऱ्याने विचारले, “पिशवीसकट?”

आम्ही तिघांनीही पिशवीकडे पाहिले. बांधणीच्या कारखान्यात वजन मालाचे करतात, वर गुंडाळलेल्या वेष्टनाचे कोणी करीत नाही. घडीताईंनी आयुष्यभर तसेच केले होते, आणि मला तर हा प्रश्न सुचलाच नाही. पिशवी चांगली जाड कॅनव्हासची होती. तिचेच वजन एक किलो दोनशे भरले.

घडीताईंनी शाल काढून अंगावर घेतली. काटा सात किलो चारशेवर आला.

“अजून चारशे ग्रॅम,” तो म्हणाला. “आजी, नाहीतर ही पिशवीही आत पाठवतो. पैसे घेत नाही. उतरलात की मिळेल.”

“मिळेल नक्की?”

तो प्रामाणिक होता. “बहुतेक वेळा मिळते,” असे म्हणाला.

आमच्या मागे रांग होती. एक गृहस्थ घड्याळाकडे पाहून मोठ्याने श्वास सोडत होते. सून हळूच म्हणाली, “आई, द्या ना. औषधं मी हातात वेगळी देते तुमच्या.”

घडीताईंनी ग्रंथ पिशवीतून काढला आणि रांगेतून बाजूस होऊन जमिनीवर बसल्या. त्यांनी निळ्या कापडावरून एकदा हात फिरवला. नंतर पुठ्ठा पूर्ण उघडून मागे वळवला आणि पुठ्ठा व पाने यांच्यामधील सांध्यात घराची किल्ली घातली. कापड फाटल्याचा आवाज झाला. सून म्हणाली, “अहो, काय करता!” मीही पुढे सरकलो होतो. मला त्यांनी एकदा सांगितले होते की कारखान्यात कोणी पुस्तकाचा पुठ्ठा ओढून काढला तर दिवसभर त्याच्याशी कोणी बोलत नसे.

“पुठ्ठा म्हणजे अंगरखा,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “शिवण शाबूत आहे. एक पान हलणार नाही.”

दुसरा पुठ्ठाही त्यांनी त्याच रीतीने सोडवला आणि दोन्ही माझ्या हाती दिले. शिवलेली उघडी पत्रे त्यांनी सुनेच्या ओढणीत गुंडाळली. सुनेने ती न मागता दिली होती. काट्यावर सहा किलो नऊशे नव्वद आले. घड्याळ पाहणारे गृहस्थच म्हणाले, “बसलं!”

त्या गेल्या. पुढील हकीकत मला त्यांच्या दूरध्वनीवरून कळली.

त्यांच्या मोठ्या बॅगेस काही झाले नाही, ती त्यांच्या आधीच पट्ट्यावर येऊन फिरत होती. प्लंबरकाकांना हे सांगितले तेव्हा ते थोडे नाराज झाले. बहिणीने मात्र पहिल्या दिवशी त्यांना ओळखले नाही. घडीताईंनी पलंगाशेजारी बसून पहिले पत्र वाचले. बहिणीने शांतपणे ऐकून विचारले, “छान वाचता हो तुम्ही. किती शिकलात?”

“दुसरी,” घडीताई म्हणाल्या.

“दुसरीच्या मानानं फार छान.”

रोज चार-पाच पत्रे वाचली जात. कधी बहीण झोपी जाई, कधी पत्रातील आपल्याच तक्रारी ऐकून “कोण ही बाई, सारखी रडते,” असे म्हणे. नवव्या दिवशी घडीताई एका पत्राच्या शेवटी आल्या आणि वाचले, “या वर्षी तरी ये. मी वाट बघते.” बहिणीने त्यांच्या हातातील पान स्वतःकडे वळवले, अक्षर पाहिले आणि मग त्यांच्या तोंडाकडे पाहिले.

“हे तुला कुणी वाचून दाखवलंच नाही का गं?”

“नाही.”

“कधीच?”

“कधीच नाही.”

“आणि मी तुझ्यावर एवढी वर्षं रुसून बसले,” बहीण म्हणाली. त्यानंतर तिने जेवणाची चौकशी केली. दुसऱ्या दिवशी तिला यांतील काही आठवत नव्हते. परंतु घडीताई मला म्हणाल्या की त्याने बिघडत नाही, एकदा पोहोचले ते पोहोचले, आणि ज्या दिवशी विसरेल त्या दिवशी मी पुन्हा वाचीन.

परतीचे तिकीट दीड महिन्याचे होते. भाचीने ते पुढे ढकलले आणि नंतर रद्द केले. आता वर्ष होत आले. अलीकडे बहीण त्यांना शिक्षिकाबाई समजते आणि त्यांच्याकडून रोज धडा घेते.

गेल्या आठवड्यात वर्गाची सुटी संपली आणि नवीन माणसे भरती होणार, असे मी त्यांना फोनवर सांगितले. तिसऱ्या बाकावर माझ्या शेजारी कोणी बसणार का, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, बसतील कदाचित. पलीकडून पान उलटल्याचा आवाज आला.

मग त्या म्हणाल्या, “बसू द्या कुणालाही. फक्त बाईंना एवढं सांगा, हजेरीपटातून माझं नाव काढू नका.”