उन्हात उघडे ठेवलेले ट्रे

प्रकाशचा फोन आला तेव्हा मी कुंभिवलीच्या आमच्या गच्चीवर सुनंदाच्या काचेच्या ट्रेंमध्ये ओढ्याचं रंगीत पाणी ओतत होते. "मावशी... ताई गेली गं." हातातला मग मी खाली नाही ठेवला. आधी सगळे ट्रे भरले, मगच तिथे टेकले. इस्पितळात जाताना ती बजावून गेली होती ना, काम थांबवायचं नाही म्हणून. नाही थांबवलं.

सुनंदा माझ्या बहिणीची मुलगी. बहीण लवकर गेली, तेव्हा ही आणि धाकटा प्रकाश माझ्याकडेच वाढले. खालापूरकडच्या एका रंगाच्या कारखान्यात ती प्रयोगशाळेत होती. नोकरी सोडून आली ती एकच गोष्ट डोक्यात घेऊन. आमच्या शेताकडेचा ओढा कधी लाल वाहतो, कधी जांभळा. वरून रंग कोण सोडतं ते कुणी कबूल करत नाही. ते पाणी म्हणे उन्हानं धुवायचं! माझं शिक्षण चौथी, त्यामुळे तिनं मला माझ्या भाषेत समजावलं. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं ते टायटॅनियम डायऑक्साइड. ऊन लागलं की ते पाण्यातला रंग तोडायला घेतं. पण नुसतं घेतलं तर त्याचे कण गोळा होऊन बसतात. म्हणून जोडीला सिलिका, वाळूचीच जात. ती कण सुटे ठेवते, रंगाला जवळ ओढते. दोन्हींचा डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक मेळ, आणि त्याचा लेप ट्रेच्या तळाला.

"अगं, साडीचा रंगसुद्धा उन्हात उडतो. त्यात तुझं काय?"

"म्हणून तर शेजारी बिनलेपाचा ट्रे ठेवलाय मावशी. बस बघत."

बसले. दुपारी लेपाचा ट्रे निवळला, दुसरा तसाच लालभडक.

गावाला दाखवायचं ठरलं त्या दिवशी मात्र फजिती. कावळे फिरताना बघून प्रकाशनं, पापडांवर घालतो तशी, मोठ्या ट्रेवर जुनी साडी घालून ठेवली. मंडळी जमली, साडी काढली, पाणी लालच! "सुनंदाताय, तुमचं औषध झोपलं काय?" हशा पिकला. प्रकाश कोपऱ्यात चोरासारखा. सुनंदानं साडीकडे बघितलं, मग उघडा राहिलेला लहान ट्रे पुढे ओढला. नितळ. "लेप दोन्हीला एकच. याला ऊन मिळालं, त्याला नाय. प्रकाश, बरं केलंस रं, हे दाखवायचं मला सुचलंच नव्हतं!"

एका म्हाताऱ्यानं विचारलं, "प्यायला चालंल?"

"नाय काका. निवळ दिसलं म्हणजे शुद्ध झालं असं नाय. अजून तपासायचंय."

अर्धी माणसं तिथूनच उतरली. खोटं बोलली असती तर थांबली असती... पण ती सुनंदा होती.

परवा प्रकाश म्हणाला, "मावशी, गच्चीवर भाड्याच्या खोल्या काढू. शनिवार-रविवारी पाहुणे येतात. त्या काचा आता कोण बघणार?"

"मी."

"तुला काय समजतं त्यातलं?"

"ऊन समजतं. आणि तू हात लावून तर बघ रं, खोल्या बांधायला माझ्यावरूनच जावं लागंल तुला!"

उठून खाली गेला. त्याच्या मनातून खोल्या गेल्या असं नाही म्हणत मी. पण मीही अजून आहे.

सध्या पापड वाळत घातलेत. त्यांच्यावर तीच जुनी साडी. ट्रे उघडे. आज ओढा जांभळा आहे, बादलीभर आणलाय मी.